विहिरीपाशी थांबलेला प्रवासी

एका राज्यात त्या दिवशी सकाळपासून विशेष काहीच घडले नव्हते. राजा अरिंजय सिंहासनावर बसला होता. दरबारातले दिवे तेलावाचून जळत होते, पंखे हातावाचून हलत होते. गवाक्षांत पोपट, भारद्वाज आणि धनेश बसून मोठमोठ्याने शास्त्रार्थ करीत होते. त्या राज्यात प्रत्येक पक्षी बोलत असे, म्हणून पक्ष्यांचे कोणी ऐकत नसे.

राजापुढे एक फिर्याद चालली होती. एका सोनाराचे घर रोज सकाळी उडत बाजाराला जाई आणि जाता जाता शेजाऱ्याच्या वाळवणावर केर सांडी. राजा म्हणाला, "घर उंचावरून न्यावे." मुदपाकखान्यातून विचारणा आली की आज भात केशरी करावा की साधा. राजा म्हणाला, "केशरी."

तेवढ्यात एक साळुंकी आत आली. तिच्या पंखांवर धूळ होती, शेपटीचे एक पीस मोडले होते. ती सिंहासनाच्या हातावर बसली, धापा टाकून थांबली आणि म्हणाली,

"दादा, मी गेले. तू ये."

मग ती खोकली. आवाज राजाच्या धाकट्या बहिणीचा, वेत्रवतीचा होता. खोकलाही तिचाच असावा, पण राजाला तो ओळखीचा नव्हता.

राजमांत्रिक इंद्रगोप पुढे झाला. त्याने साळुंकीला निरखून पाहिले. "महाराज, हा पक्षी मंत्राने बोलत नाही. शिकवल्याने बोलतो. याला एवढेच येते."

"म्हणजे वेत्रवती गेली."

"होय, महाराज. शिकवणारे माणूस गेले की पक्षी सोडायचा, असा तिकडचा रिवाज आहे."

दरबार उभा राहिला. राजाने मान खाली घातली. मान वर केल्यावर तो जे बोलला, ते अशा प्रसंगी त्या राज्यात सगळेच बोलत आले होते. तो म्हणाला, "माझी सावली तिकडेच असते. तिला कळवा. अग्नी तीच देईल."

हे शब्द संपले आणि दरबारातले दिवे विझले. मुदपाकखान्यातल्या चुली विझल्या, लोहारांच्या भट्ट्या विझल्या, देवापुढच्या समया विझल्या. नगराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठिणगी म्हणून उरली नाही.

हे असे का झाले, ते सांगायला थोडे मागे गेले पाहिजे.

अरिंजय आणि वेत्रवती लहानपणी एक खेळ खेळत. त्याला ती दोघे मुलूख म्हणत. जमिनीवर एक जुनी पासोडी पसरायची. गारगोट्या मांडल्या की डोंगर, निळी चिंधी टाकली की नदी. एकाने सांगणारा व्हायचे, दुसऱ्याने प्रवासी. प्रवासी म्हणजे एक चिंचोका. सांगणारा सांगे, समोर दरी आहे, दरीवर पूल नाही, तू काय करतोस? प्रवासी सांगे, मी अमुक करतो. ते साधले की फसले, हे कवड्या ठरवीत.

अरिंजय सांगणारा असला की दरीच्या काठी गरुड जीन घालून उभा असे. झाडांना तलवारी लागत. भेटेल तो भिकारी वर देई. थोड्या वेळाने वेत्रवती कवड्या खाली ठेवी.

"दादा, तुझ्या मुलखात मला काही करावंच लागत नाही. मी नुसती मागत सुटते."

"मग माग की. मी कुठं नाही म्हणतो?"

"मागायचा कंटाळा आला."

वेत्रवती सांगणारी असली की प्रवाशाला तहान लागे. शिदोरी संपे. वाटेत वहाण तुटे.

"तुझ्या मुलखात काही घडतच नाही," अरिंजय म्हणे.

"घडलं की. तुझी वहाण तुटली."

"वहाण तुटणं म्हणजे काय घडणं झालं?"

"अनवाणी चालून बघ, मग सांग."

अद्भुत तिच्याही मुलखात होते. पण ते सगळ्या खेळात एकदाच मागता येई. आणि मागणाऱ्याला आपले काहीतरी कायमचे द्यावे लागे. ती वेळ आली की वेत्रवती आवाज अगदी खाली आणी, आणि अरिंजयच्या अंगावर काटा उभा राही. हे त्याने तिला कधी सांगितले नाही.

एकदा असाच खेळ रंगला होता. वेत्रवती सांगत होती, "तुझा प्रवासी उन्हातून चालत आलाय. समोर विहीर आहे. विहिरीतून कोणीतरी हाक मारतंय. दादा, तू काय करतोस?" अरिंजयने कवड्या हातात घेतल्या. तेवढ्यात बोलावणे आले. वडील राजे अत्यवस्थ होते. अरिंजय उठता उठता म्हणाला, "थांब, आलोच."

वडील गेले. राज्याच्या वाटण्या झाल्या. किल्ल्याखाली मायेचा एक झरा होता, राज्यातली सगळी माया त्यातून येई. अरिंजयने झरा मागितला आणि पाट काढून त्याचे पाणी घरोघर नेले. वेत्रवतीने पलीकडचा डोंगराळ मुलूख घेतला. तिथे मायेचा थेंब नव्हता. जाताना तिने झऱ्याचे फक्त एक गडूभर पाणी मागून घेतले.

"एवढ्यानं काय होणार?" अरिंजयने विचारले.

"एकदा काहीतरी होईल," ती म्हणाली.

निघण्यापूर्वी वडिलांच्या चितेसमोर दोघांनी अग्नीला साक्षी ठेवून शपथ घेतली. दोघांपैकी जो मागे राहील त्याने जाणाऱ्याला आपल्या हाताने अग्नी द्यायचा.

पुढे अरिंजयच्या राज्यात माया इतकी झाली की कामे करायला हात पुरे पडतात, पण ठिकठिकाणी जायला पाय पुरत नाहीत, असे लोकांना वाटू लागले. तेव्हा इंद्रगोपाने तोड काढली. तो माणसाची सावली अंगापासून सोडवी, तिला चेहरा आणि आवाज देई आणि पाठवून देई. सावली माणसाची स्वतःची असे, म्हणून ती सरहद्दीपलीकडेही विरत नसे. लोक लग्नांना सावल्या पाठवू लागले, मग आजाऱ्यांकडे, मग मर्तिकांना. एका सरदाराच्या अंत्ययात्रेत तर प्रेताखेरीज खरे कोणीच नव्हते, आणि व्यवस्था फार चोख होती असे सगळे म्हणाले.

वेत्रवती दरवर्षी निरोप पाठवी, दादा, खेळ तसाच मांडून ठेवलाय, ये. पहिल्या वर्षी राजाला सवड नव्हती. त्याने सावली पाठवली. नंतर तीच जाऊ लागली. एका वर्षी ती गेली आणि परत आलीच नाही. हे राजाच्या ध्यानात आले नाही. त्याच्या दरबारात कोणाच्याच पायाशी सावली नव्हती, तेव्हा आपल्याही पायाशी नाही हे कोण पाहणार?

तर दिवे विझले.

इंद्रगोपाने गारगोट्या मंत्रून आपटल्या, ठिणगी पडली नाही. सूर्यकांत मणी उन्हात धरला, कापूस नुसता कोमट झाला. आकाशातून वीज उतरवली. ती वाळक्या झाडावर पडली, झाड दुभंगले, पण पेटले नाही. इंद्रगोप राजापाशी आला.

"महाराज, अग्नी रुसला आहे. कारण मला ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे," राजा म्हणाला.

इंद्रगोपाने पुढे विचारले नाही. तो दरबारी माणूस होता. त्याने दुसरा उपाय सुचवला. "झऱ्याच्या पाण्याने राजकन्येला उठवता येईल. मग अग्नी देण्याचा प्रश्नच उरणार नाही. चालतील, बोलतील, आपल्यापाशी राहतील."

"ती वेत्रवती असेल?"

"अगदी तशी असेल."

त्याला ते हवे होते. साळुंकी सिंहासनाच्या हातावर बसूनच होती. ती म्हणाली, "दादा, मी गेले. तू ये," आणि खोकली. राजा उठला.

उडत्या मेण्याने त्याला सरहद्दीपर्यंत आणले. तिथे दगडांची एक ओळ होती. ओळीवर येताच मेणा खाली बसला आणि नुसते लाकूड झाला. राजा पायी निघाला. साळुंकी झाडाझाडांवरून पुढे जात राहिली. चढणीवर राजाच्या वहाणेचा अंगठा तुटला. सवयीने त्याने वहाण सांधण्याचा मंत्र म्हटला आणि पाय पुढे करून वाट पाहिली. वहाण तुटलेलीच राहिली. मग ती हातात धरून तो काही अंतर चालला, आणि नंतर दोन्ही वहाणा एका झुडपाखाली ठेवून अनवाणी चालला. खडे टोचत होते. काहीतरी घडते आहे, हे त्याला पावलागणिक कळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावाच्या पाणवठ्यावर पोचला. बायका घागरी भरत होत्या. त्यांनी त्याला पाहिले आणि तोंड भरून हाक दिली.

"दादा, इकडं कुठं? आज लंगडत नाही तुम्ही. गुडघा बरा दिसतोय."

राजाने गुडघ्याकडे पाहिले. "बरा आहे," तो म्हणाला.

"अन् वहाणा कुठं टाकल्या? काल म्हशीमागं जाताना होत्या की पायात."

"असू दे गं. मन ठिकाणावर आहे का त्यांचं? रात्रभर ताईंच्या उशाशी बसून आहेत. दादा, काही खाल्लंत का? आमच्याकडंही भिजवलेले तांदूळच आहेत, पोरं तेच चावतायत. पण गूळ देते वर."

त्या बाईने कमरेच्या फडक्यातून गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. ठेवताना तिची नजर जमिनीवर गेली. ऊन चांगले वर आले होते. बायकांच्या सावल्या पाण्यावर पडल्या होत्या. त्याच्या पायाशी काही नव्हते.

तिने घागर खाली ठेवली. "हे दादा नव्हेत," ती म्हणाली. "हे महाराज आहेत."

कोणी पदर सारखा केला. गूळ दिलेल्या बाईचा हात अजून पुढेच होता. तो मागे घ्यावा की नाही, हे तिला समजत नव्हते. राजाने त्या बायकांपैकी कोणाला नावाने हाक मारली असती तर तो अवघडलेपणा सरला असता. त्याला एकीचेही नाव माहीत नव्हते.

"घर वरच्या अंगाला आहे," शेवटी एकजण म्हणाली. "तुम्हांला ठाऊक नसेल."

वेत्रवतीला अंगणात निजवले होते. अंगावर चादर होती, उशाशी झेंडूची फुले होती आणि ती सुकली नव्हती. शपथ पुरी होईपर्यंत काळाने त्या देहाला हात लावायचा नाही, असे ठरल्यासारखे होते. राजाच्या नगरात याची कोणी दखलही घेतली नसती. इथे लोक अंगणाच्या कडेला घाबरून उभे होते, आणि फुलांकडे पाहायचे टाळत होते.

उशाशी राजा स्वतःच बसलेला होता. तोच चेहरा, तेच खांदे. फक्त केस जास्त पांढरे झाले होते, डोळे सुजले होते आणि एक गुडघा फडक्याने बांधलेला होता. ती त्याची सावली होती. राजाला पाहून ती उठायला लागली. तिला उठायला भिंतीचा आधार लागला.

घरातून एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई बाहेर आली. ती हौसा. वेत्रवतीचे घर आणि वेत्रवतीचे दुखणे, दोन्ही तिनेच सांभाळले होते.

"या," ती म्हणाली. "मी भाकरी टाकत होते, तेवढ्यात चूल विझली. फुंकून फुंकून डोळे गेले. मग उमगलं, तुम्ही तिकडं काहीतरी बोललात."

"मी अग्नी द्यायला आलो आहे."

"अग्नीला तुम्ही हवे असाल. आम्हांला कशाला? आमच्याकडं दादा आहेत."

सावली म्हणाली, "हौसाबाई, असं बोलू नका. मी सावली आहे."

"तुम्ही गप्प बसा. गुडघा शेकायला विस्तव नाही, अन् निघाले दुसऱ्याची बाजू घ्यायला."

कडेला उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी हसले आणि लगेच थांबले.

हौसा राजाकडे वळली. "पोरंबाळं कच्चे तांदूळ चावतायत म्हणून तुम्हांला परत घालवता येत नाही. पण नुसता चेहरा बघून ताईला तुमच्या हातात देणार नाही. चेहरा आम्ही बघितलाय. तीन गोष्टी सांगते, त्यांतली एक तरी करा."

"सांगा," राजा म्हणाला.

"गोठ्यात चंद्री आहे, ताईची म्हैस. तिला इथं घेऊन या. ताईला शेवटची भेटवायची आहे."

राजा गोठ्यात गेला. त्याने दावे धरून ओढले. चंद्रीने त्याच्याकडे पाहिले आणि पाय रोवले. त्याने तिच्या पाठीवर थाप मारली, तिने शेपटी त्याच्या तोंडावर मारली. तो तिला आज्ञा करून पाहू लागला, तसे बाहेरच्या माणसांना त्याच्याकडे पाहवेना. मग सावली लंगडत दारापर्यंत गेली आणि तिने जिभेने टकटक आवाज केला. चंद्री निमूट बाहेर आली. वेत्रवतीजवळ येऊन तिने चादर हुंगली आणि तिथेच उभी राहिली.

"दुसरी गोष्ट," हौसा म्हणाली. "आत पेटी आहे. ताईला कोणत्या लुगड्यात न्यायचं ते तिनं सांगून ठेवलंय. ते आणा."

राजाने पेटी उघडली. सगळ्यांत वर एक वस्त्र होते, चांदण्याच्या सुताचे. ते त्यानेच एका दिवाळीला पाठवले होते. सरहद्दीपलीकडे ते झगमगत असे. इथे ते राखाडी दोऱ्यांचे कापड होते आणि त्याची घडी कधी मोडलेली नव्हती. तरी राजाने तेच उचलले. भावाकडचे वस्त्र लागते, एवढे त्याला माहीत होते. ते घेऊन तो बाहेर आला. हौसाने मान हलवली. सावली आत गेली आणि विटकरी रंगाचे एक विटलेले लुगडे घेऊन आली. त्याच्या काठाला ठिगळ होते.

"हे कशावरून?" राजाने विचारले.

"ते ठिगळ मी लावलं होतं," सावली म्हणाली. "वाकडं लागलं. ताई त्यावरून मला फार हसायची."

बायकांनी चादर आडवी धरली आणि हौसा वेत्रवतीला लुगडे नेसवू लागली. तेवढा वेळ राजा आणि सावली गोठ्याच्या भिंतीशी बसली. राजाने हळूच विचारले, "तू परत का आली नाहीस?"

"तुम्ही कधी बोलावलंत, महाराज?"

राजाने तळपायात रुतलेला काटा उपटला.

सावली सांगू लागली. "पहिली वर्षं मी नुसता येऊन बसे. कवड्या पडतील तसं खेळे. मी चिडत नसे, भांडत नसे, ताई म्हणेल ते कबूल करी. एकदा तिनं कवड्या खाली ठेवल्या. म्हणाली, नुसता चेहरा समोर ठेवून किती दिवस खेळायचं? मग तिनं तो गडू आणला आणि माझ्या डोक्यावर ओतला. त्यानंतरचा डाव मी हरलो, आणि मला पहिल्यांदा राग आला. मी पासोडी उधळून दिली. ताई हसत होती आणि रडतही होती. त्याच वर्षी माझा गुडघा दुखायला लागला."

"तो गडू तिला या दुखण्यात उपयोगी पडला असता."

"हो."

"तिला हे माहीत होतं?"

"तिच्या मुलखाचा नियमच तो होता, महाराज. जे द्यायचं ते कायमचं. मी तिला एकदा म्हणालो, मी खरा दादा नाही, माझ्यावर कशाला दवडलंस? ती म्हणाली, खरा आला असता तर ओतावं लागलं नसतं."

सावलीने हे दोष देण्यासाठी सांगितले नव्हते. विचारले म्हणून सांगितले. राजाने हातातला गुळाचा खडा पाहिला. तो घामाने चिकट झाला होता. खावा, टाकावा की कोणाला द्यावा, हे न सुचून तो मुठीत तसाच राहिला होता.

चादर दूर झाली. हौसा म्हणाली, "तिसरी गोष्ट. तुमच्या वडिलांच्या चितेपुढं तुम्ही दोघांनी काय शब्द दिला होता, तो म्हणा. जसाच्या तसा. ताईनं शेवटच्या दिवशी मला सांगितलाय."

सावली गोंधळली. "मला हे ठाऊक नाही. ताई मला कधी बोलली नाही."

हौसाचा आवाज मऊ झाला. "तिनंच सांगितलं होतं, दादाला कळू देऊ नका. त्याला वाटेल, आपण कुठंतरी कमी पडलो."

सगळे राजाकडे पाहू लागले. कडेच्या पोरांचे चघळणेही थांबले. राजा खाली पाहत उभा राहिला. आठवत नाही असे म्हणावे, हे त्याच्या मनात आले. विसरलेल्या माणसाला लोक क्षमा करतात. म्हणतील, राजाच्या डोक्यात काय कमी गोष्टी असतात. पण त्याला प्रत्येक शब्द आठवत होता. दरबारात मान वर करून बोलला, तेव्हाही आठवत होता.

तो म्हणाला, "आपल्या दोघांत जो मागे राहील, तो जाणाऱ्याला आपल्या हातानं अग्नी देईल. नोकराच्या हातानं नाही, मंत्रानं नाही, दुसऱ्या कोणाच्या हातानं नाही. आणि बोलावणं येण्याची वाट पाहणार नाही."

झाडावरून साळुंकी म्हणाली, "दादा, मी गेले. तू ये."

कोणी हलले नाही.

"शब्दाला शब्द बरोबर आहे," हौसा म्हणाली. "म्हणजे विसरला नव्हतात."

"नाही."

"आठवत होतं, अन् म्हणालात की सावली देईल."

"हो."

हौसाने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले. मग कनवटीतून गारगोटी आणि पोलादाचा तुकडा काढून त्याच्यापुढे धरला. "मग तुम्हीच तिचे भाऊ," ती म्हणाली. "घ्या."

वेत्रवतीला ओढ्याकाठी नेले. राजाने एका बाजूने खांदा दिला आणि दुसऱ्या बाजूने सावलीने. एकजण लंगडत होता आणि एकजण अनवाणी होता, त्यामुळे तिरडी वाटभर हेलकावत राहिली. चिता रचल्यावर राजाने गारगोटी आपटली. त्याला ते जमत नव्हते. बोटे सोलली. कोणी शिकवायला पुढे आले नाही आणि कोणी घाईही केली नाही. अखेर एक ठिणगी कापसावर पडली, राजा जमिनीला गाल टेकून फुंकत राहिला आणि धूर निघाला. चिता पेटली.

त्याच क्षणी गावातल्या चुली पेटल्या. सरहद्दीपलीकडे राजाच्या नगरात समया पेटल्या, भट्ट्या पेटल्या, मुदपाकखान्यातला केशरी भात राहिला होता तिथून शिजू लागला.

सावली ज्वाळांसमोर उभी होती. "हौसाबाई," ती म्हणाली, "चंद्रीचं दावं मी मघाशी सैल सोडलंय. घट्ट करा."

"करते."

"अन् त्या लुगड्याचं ठिगळ..."

"असू दे, दादा. तिला आवडायचं."

सावलीने मान हलवली. ती राजाजवळ आली, त्याच्या पावलांपाशी हळूच बसली, मग आडवी झाली आणि लांबत लांबत जमिनीशी एक झाली. राजाच्या पायाशी पुन्हा सावली आली. गावातली काही माणसे तेव्हा तोंड फिरवून रडली. त्यांची त्या दिवशी दोन माणसे गेली होती.

राजाला वाटले होते, सावली परत आली की तिच्याबरोबर ती सगळी वर्षे येतील. खेळलेले डाव, भांडणे, वाकडे ठिगळ, दुखण्यातल्या रात्री. त्यांतले काहीच आले नाही. त्याचा गुडघा तेवढा दुखायला लागला.

पुढे राज्यात पुन्हा सगळे रीतीने चालू झाले. राजाने सर्वांच्या सावल्या परत बोलावल्या आणि झऱ्याचे पाट बुजवले. सोनाराचे घर जमिनीवर टेकले आणि फिर्याद निकालात निघाली. इंद्रगोप चूल फुंकायला शिकला. पुढच्या मर्तिकाला लोक स्वतः गेले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना, तरी ते उभे राहिले. दरबारातले पक्षी मुके झाले. साळुंकीला मंत्राची गरज नव्हती, त्यामुळे ती तिचे एक वाक्य म्हणत राहिली आणि खोकत राहिली. ती कोणाच्या भाषणात मध्येच बोले. तिला बागेत सोडावे असे प्रधानांनी एकदा सुचवले. राजा म्हणाला, "असू द्या."

ज्या दिवशी चिता पेटली, त्या दिवशी निघण्यापूर्वी हौसाने राजाला माजघरात नेले होते. तिथे मुलखाची पासोडी पसरलेली होती. गारगोट्यांचे डोंगर होते, निळ्या चिंधीची नदी होती. गावातले लोक येऊन खेळत, त्यांचे चिंचोके इथे तिथे मांडलेले होते. एका कडेला फुटक्या बांगडीची विहीर होती आणि विहिरीपाशी एक चिंचोका, हाताळून काळा पडलेला.

"हा तुमचा," हौसा म्हणाली. "दादांनी याला कधी हात लावला नाही. त्यांचा दुसरा होता. केर काढताना ताई हा उचलायची, खालची धूळ पुसायची आणि परत इथंच ठेवायची. म्हणायची, त्याची खेळी आहे."

राजा मांडी घालून बसला. गुडघा दुखला.

"हवं तर मी सांगणारी होते," हौसा म्हणाली आणि तिने आवाज खाली आणला. "तुमचा प्रवासी उन्हातून चालत आलाय. समोर विहीर आहे. विहिरीतून कोणीतरी हाक मारतंय. महाराज, तुम्ही काय करता?"

राजाने कवड्या हातात घेतल्या. त्याने त्या मुठीत खुळखुळवल्या. मग त्याने त्या पासोडीवर ठेवल्या आणि म्हणाला, "पुढच्या खेपेला सांगतो."

तो दरवर्षी जातो. सरहद्दीवर भोयांनी वाहून आणलेल्या मेण्यातून उतरतो आणि लंगडत चढण चढतो. पाणवठ्यावरच्या बायकांना आता तो नावाने हाका मारतो, आणि त्याही त्याला महाराज म्हणून हाक देतात. माजघरात खेळ मांडला जातो, एकेकाची पाळी होते, त्याची आली की सगळे थोडे थांबतात आणि मग पुढच्याकडे वळतात. चिंचोका विहिरीपाशी उभा आहे. तो काय करतो, ते राजाने अजून सांगितलेले नाही.